बेचिराग गांव आणि आपला न्याय

काळी आणि पांढरी हे दोन शब्द आपल्या शेतकरी बंधूंस नवे नाहींत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. परंतु आपल्या नायगांव, कंधार, देगलूर या बाजूस फिरतांना कधीं कधीं काळीच्या मधोमध एकटीच पांढरी दृष्टीस पडते. एक बुटकें टेकाड, त्यावर चार बाभळी, फाळास लागणारीं खापरें, फुटक्या जात्याची तळी आणि कडेस बुजत आलेली विहीर, एवढेंच तेथें उरलेलें असतें. जुन्या दप्तरांत अशा गांवास बेचिराग म्हणत. म्हणजे ज्यांत दिवा लागत नाहीं असें.

त्या टेकाडावरून जातांना कोणी तरी सहज बोलतो, “गांव पापी होतें, शाप लागला आणि उजाड झालें.” आपल्या मंडळ्यांतही असें बोलणें ऐकूं येतें. हा न्याय खरा आहे काय?

इतिहास वेगळें सांगतो. इ. स. १३९६ च्या सुमारास दख्खनेंत जो दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, तो बारा वर्षें टिकला असें परंपरा सांगते. पुढें १६३० ते १६३२ या वर्षांत पुन्हा घोर दुष्काळ झाला. अशा काळीं लष्करांची ये-जा, विहिरींचें आटणें, साथीचे रोग, हीं सर्व कारणें एकत्र होत, आणि उरलेलीं माणसें मोठ्या गांवाच्या आश्रयास जात. त्यांत पापी तेवढे निघाले आणि पुण्यवान तेवढे राहिले, असें घडलें नाहीं.

दूर कशास जावें? ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटेपूर्वी लातूर व धाराशिव जिल्ह्यांत किल्लारीच्या भोंवतीं भूकंप झाला आणि सुमारें ८,००० माणसें मेलीं. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदावरील मातीचें ओझें झोंपलेल्या लोकांवर कोसळलें. मारलें तें भिंतींनीं व छपरांनीं. निजलेल्या लेंकरांचा त्यांत काय अपराध? पुढें ५२ गांवें दुसऱ्या जागीं वसविलीं, आणि जुन्या जागा ओस पडल्या.

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां प्रभूपुढें हाच प्रश्न होता (लूक, अध्याय १३). तीं माणसें यरुशलेमांतील इतरांहून अधिक अपराधी नव्हतीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. मग पापाचें कांहींच नाहीं काय? आहे. परंतु मेलेल्यांचें पाप मोजूं पाहणाऱ्यांस त्यानें स्वतःकडे वळविलें आणि पश्चात्ताप करण्यास सांगितलें. त्यास लागूनच अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षें फळ न देणारें झाड मालक तोडूं म्हणतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, मुळांभोंवतीं खणून खत घालण्याचें पत्करतो.

खताचें मोल आपणांस शिकवावयास नको. शेकडों वर्षें राख, शेण व गोमूत्र मुरल्यामुळें जुन्या पांढरीची माती शेतकरी गाड्या भरून आपल्या शेतांत नेतात. ज्या गांवास आपण शापित म्हणतों, त्याच गांवाची माती आपल्या ज्वारीस पोसते!

म्हणून उपदेशक बंधूंनो, हें मनांत धरा. मंडळींतील एखाद्या घरीं पीक बुडालें, मूल दगावलें, किंवा कर्जानें खचून कर्त्या पुरुषानें जीव दिला, तर त्या दारीं पाप शोधीत जाऊं नका. विधवेस पहिला प्रश्न “असें कां झालें?” हा विचारूं नका, घरांत दाणे आहेत काय, तें पाहा. सावकाराचा कागद वाचून द्या, लेंकरांस शाळेंत पोंचवा, रात्रीं सोबतीस बसा. माळ्यानें न्यायाधीश होण्याचें टाकून कुदळ हातीं घेतली. आपणांसही एक वर्ष अधिक मिळालें आहे, तें आपल्या योग्यतेनें नव्हे. तें दुसऱ्याचा न्याय करण्यांत घालविलें, तर फळ मागावयास धनी येईल तेव्हां आपण काय दाखवूं?