कौतुक आणि परीक्षा

गेल्या एप्रिलमध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, मी एका परीक्षेत नापास झाले. 'नापास' हा शब्द माझ्या पदरचा. इकडे अमेरिकेत फिगर स्केटिंगच्या परीक्षापत्रकावर तो नसतो. 'उत्तीर्ण' तरी लिहितात, नाही तर 'पुन्हा प्रयत्न करा' असे लिहितात. माझ्या कागदावर दुसरा शेरा होता.

तो कागद घेऊन घरी आले तेव्हा सुनेने लगबगीने चहा टाकला. मुलगा म्हणाला, "आई, या वयात तू बर्फावर उभी राहतेस हेच पुष्कळ आहे!" हे म्हणाले, "हाडबीड काही मोडले नाही ना? मग झाले तर!" सगळे अगदी मनापासून बोलत होते. आणि गंमत अशी, की ज्यांनी मला परत पाठवले त्या परीक्षकांचा मला राग आला नाही. या प्रेमळ माणसांचा आला. चहा पिता पिता मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मनातल्या मनात धुमसत होते.

आम्ही मिनेसोटात राहतो. येथे हिवाळ्यात तळी गोठतात आणि मुले चालायला लागली की बर्फावर जातात. मुलगा हॉकी शिकत होता तेव्हा मी कित्येक वर्षे बाकावर थर्मास घेऊन बसले. पुढे नातवाची पाळी आली तेव्हा त्याच बाकावर बसण्याचा मला कंटाळा आला, एवढेच माझ्या स्केटिंगचे कारण. माझी शिक्षिका चोवीस वर्षांची आहे. ती मला नावाने हाक मारते आणि कोपर खाली आले की ओरडते. प्रौढांचे हे वेड तसे अलीकडचे. अमेरिकेत प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९५ साली डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला झाली, आणि २००५ पासून जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ गावी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. तरुण माणूसही येथे 'प्रौढ' धरला जातो. माझ्यासारखीला मग काय म्हणावे, कोण जाणे!

माझी परीक्षा अगदी पहिल्या पायरीची, ब्राँझच्याही अलीकडची. तीत उड्या नाहीत की गिरक्या नाहीत. एका पायावर अर्धवर्तुळ काढायचे, मधल्या रेषेवर परत यायचे, मग दुसऱ्या पायावर दुसरे अर्धवर्तुळ. असे पुढे जात, मग असेच मागे जात. ऐकायला सोपे वाटते. पण स्केटचे पाते म्हणजे सुरी नव्हे. ते सुमारे चार मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या पोटातून एक पन्हळ कोरलेली असते. त्यामुळे त्याला दोन धारा येतात, एक आतली, एक बाहेरची. शरीर कलते करून एकाच धारेवर तोलले, तर बर्फावर एक रेघ उमटते. भिऊन सरळ उभे राहिले, तर दोन्ही धारा टेकतात आणि दोन रेघा उमटतात, आगगाडीच्या रुळांसारख्या. 'फिगर' स्केटिंग हे नावच मुळी या रेघांवरून पडले. १९९० पर्यंत जागतिक स्पर्धेतल्या भल्या भल्या खेळाडूंनाही बर्फावर आकृत्या गिरवाव्या लागत, आणि परीक्षक वाकून त्या रेघा तपासत. पुढे तो भाग स्पर्धेतून गेला. उड्या पाहायला प्रेक्षक येतात, रेघा पाहायला कोण येणार?

माझ्या कागदावर एका परीक्षक बाईंनी लिहिले होते, की डाव्या पायाची मागे जाणारी बाहेरची धार लागतच नाही, पाय सपाट पडतो. मी पुन्हा बर्फावर गेले. थोड्याच वेळात झांबोनी यंत्र येऊन गरम पाणी पसरवणार आणि सगळे पुसून टाकणार होते. (हे यंत्र फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली कॅलिफोर्नियात तयार केले. त्यापूर्वी ही पुसापुशी माणसे फावड्यांनी आणि पाण्याने करीत.) मी वाकून पाहिले. दोन रेघा होत्या. खरे सांगायचे तर मला हे तीन महिन्यांपासून ठाऊक होते. खांदे वळवून मी तो पाय कसाबसा निभावून नेत होते आणि कोणाला दिसणार नाही अशी आशा धरून होते. एका अनोळखी बाईने ते पाहिले, आणि मी जणू पंधरा वर्षांची मुलगी आहे अशा थाटात रोखठोक लिहून दिले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

हौसेखातर करायची गोष्ट, तिला परीक्षा कशाला? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. एका स्नेह्यांनी तर गीता काढली आणि फळाची आशा सोडायला सांगितले. मी त्यांना म्हटले, पहाटे सव्वासहाला बर्फावर जाणारीला फळ चांगलेच हवे असते! आणि त्याच गीतेत कर्मातल्या कौशल्यालाही योग म्हटले आहे. ते कौशल्य आहे की नाही हे कोणीतरी पाहायला नको का?

पण या प्रश्नाने मला सांगलीची आठवण झाली आणि माझा आवाज खाली आला. १९९२ साली माझी आई चोपन्न वर्षांची होती. ती गाणे शिकत होती आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पहिल्या परीक्षेला बसायचे तिने मनात घेतले होते. आम्ही हसलो. "फ्रॉकमधल्या पोरींच्या रांगेत बसणार का?" हे वाक्य माझे. वडील म्हणाले, "तुझे गाणे आम्हाला आवडते ना? मग परीक्षकाला काय विचारायचे?" आईने अर्ज भरला नाही. दिवाळीपर्यंत तिचा भूप ऐकू येत असे. मग पेटीवर अभ्रा चढला. आम्हाला वाटले, कंटाळली असेल. तिचा भूप कुठे बेसूर होत होता का, हे आम्ही कधी कान देऊन ऐकलेच नव्हते. आवडते म्हटले, की ऐकण्याचे काम उरत नाही. आता तिला विचारता येत नाही.

तीच फेड मला चहाच्या पेल्यातून मिळाली, असे म्हणायला हरकत नाही.

नोव्हेंबरमध्ये माझी परीक्षा पुन्हा आहे, आणि जानेवारीत पहिली स्पर्धा. स्पर्धेची मला वेगळीच चिंता आहे. माझ्या वयोगटात तिघीच आहोत, म्हणजे पडले-झडले तरी ब्राँझ पदक ठरलेले! संगीत एक मिनिट छत्तीस सेकंदांचे. तेवढा वेळ दोनशे फूट लांब बर्फावर मी एकटी. सुनेने जुन्या इरकलीचा काठ लावून निळा पोशाख शिवला आहे. पदकाचा फोटो सांगलीला पाठवला जाईल, भाऊ कौतुक करील. रेघा कोणी पाठवणार नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी मुलाला बरोबर नेले. कौतुक करायचे नाही, फक्त रेघा मोजायच्या, अशी अट घातली. मी अर्धवर्तुळे काढली. तो आपल्या हॉकीच्या स्केट्सवर मागोमाग आला, चष्मा पुसून वाकला. बराच वेळ काही बोलेना. त्याला खरे बोलणे जड जात होते.

"उजव्याची एक आहे," तो म्हणाला. "डाव्याची... इथपर्यंत एक. पुढे दोन."

"पुढे म्हणजे किती?"

त्याने बर्फावर हात ठेवून मापले. "हातभर, आई. हातभर बिघडते आहे."

मी त्याच्याशेजारी वाकले. आम्ही दोघे ते हातभर अंतर पाहत राहिलो, तोवर यंत्रवाल्याने भोंगा वाजवला.