लेखन कुणाच्या मालकीचे?

लिहिलेला शब्द लिहिणाऱ्याच्या मालकीचा असतो का? परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग पाहिले तर उत्तर सोपे राहत नाही. ते मुखोमुखी टिकले, नामदेवांच्या गाथेत सामावले. त्यांतला कोणता खात्रीने जनाबाईंचाच, हे ठरवणे अवघड. म्हणून भक्तांना ते उणे वाटले नाहीत. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर परभणीतल्या विद्यार्थ्यांनी गंगाखेडचा लेख मिळून लिहावा, हे मला या परंपरेला धरूनच वाटते. एक वाक्य टाकले की कुणीतरी संदर्भ मागतो. मग मूळ पुस्तक काढून नीट वाचावेच लागते, आणि ‘मी लिहिले’ हा ताठाही तिथेच उतरतो.

अनेक हात लागले की पाठ बिघडतो, हा आक्षेप खरा आहे. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती त्यामुळेच, आणि पुढे कुणी भर घालू नये अशी ताकीदही दिली. पण विकीच्या ‘इतिहास’ पानावर प्रत्येक बदल, त्याची वेळ आणि सदस्यनाम राहते; चुकीचा बदल उलटवता येतो. जुना पाठ हरवत नाही, केल्याचा जाबही चुकत नाही. शिक्षकांनी वहीतल्या निबंधाइतकेच गुण अशा लेखाला द्यावेत.