कागदी त्रिकोण आणि प्रमाणाचा प्रश्न

प्राथमिक वर्गात मूल कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका बिंदूशी शेजारीशेजारी जुळवते, तेव्हा त्यांचा मिळून सरळ कोन, म्हणजे १८० अंश, होतो असे त्याला सांगितले जाते. परंतु कोपऱ्यांमध्ये बारीक फट राहिली तरी वहीत १८० हेच उत्तर लिहायचे असते. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानली आहेत, आणि फट दिसत असूनही १८० लिहिणारे मूल वस्तुतः शब्दावर, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीच्या सांगण्यावर, विसंबलेले असते. युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या खंडातील ३२व्या प्रमेयात दिलेली सिद्धता कोणत्याही कागदावर अवलंबून नाही, ती समांतर रेषांविषयीच्या गृहीतकावर उभी आहे, आणि १९व्या शतकात लोबाचेव्हस्कीने ते गृहीतक बदलून, जिच्यात ही बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते, अशी सुसंगत भूमिती मांडली.

विज्ञानाच्या तासाला ओल्या कापसावर हरभरा रुजतो तो प्रकार निराळा आहे, कारण तेथे व्याप्ती, म्हणजे कारण आणि कार्य यांसारख्या दोन गोष्टींचे अखंड साहचर्य, मोजक्या दाण्यांवरून गृहीत धरले जाते, आणि पाहिलेल्या थोड्यांवरून न पाहिलेल्या सर्वांविषयी बोलण्याचा अधिकार कोठून येतो, हा चार्वाकांचा आक्षेप आजही पुरता निरुत्तर झालेला नाही. म्हणूनच ज्याचा दाणा रुजला नाही, त्या मुलाला निरीक्षणाच्या तक्त्यात ‘रुजला’ असे लिहायला लावणे हा त्याच्या बुद्धीवरील खरा अन्याय ठरतो. व्याप्तीची परीक्षा अशा व्यभिचारानेच, म्हणजे नियम मोडणाऱ्या उदाहरणानेच, होत असते.