मंडळाबाहेरचं अचलपूर

न्यू जर्सीत मराठी घराचा खरा आठवडा शनिवारी सुरू होतो. बाकीचे दिवस नोकरी, मुलांची शाळा, पोहण्याचा क्लास आणि हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढण्यात जातात. पाडवा मंगळवारी आला तरी गुढीचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी होतो. गणपती एखाद्या हायस्कुलाच्या सभागृहात बसतात, कारण ते भाड्याने मिळतं आणि तिथे गाड्या लावायला जागा असते. दीड-दीड तास गाडी चालवून लोक येतात. खुर्च्या मांडणारे, दोनशे माणसांच्या मसालेभातासाठी आदल्या रात्री भाज्या चिरणारे, सगळे नोकऱ्या सांभाळून हे करतात. यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी मुलगी झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नव्हता. ज्या बायकांना मी मंडळात एकदा-दोनदाच भेटले होते, त्यांनी आळीपाळीने डबे पोचवले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीची भाजी. माहेर हजारो मैलांवर असताना बाळंतिणीचं सगळं झालं ते मंडळामुळे. पुढे जे लिहितेय ते हे ऋण विसरून नाही.

माझा नवरा ठाण्याचा, मी अचलपूरची. मंडळात ठाणं सगळ्यांना ठाऊक असतं, अचलपूर समजावून सांगावं लागतं. अमरावतीहून पन्नासेक किलोमीटर, सातपुड्याच्या पायथ्याशी, चिखलदऱ्याच्या वाटेवर. कधीकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होतं, इंग्रजांच्या काळात १९०५ पर्यंत एलिचपूर नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वे यायची, १९१३ साली सुरू झालेली नॅरोगेज, आता बंद आहे. एवढं सांगेपर्यंत समोरच्याच्या हातातला चहा संपलेला असतो. तरी यात नकाशापुरतंच गाव आलेलं असतं. आम्ही तिथे कसे राहत होतो ते सांगायचं राहूनच जातं.

आमचं घर बिलनपुऱ्यात. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या ताब्यात होता आणि आमच्या गल्ल्यांत ते अजून दिसतं. मंदिराला लागून मशीद, मशिदीला लागून विणकरांची घरं. आई शेजारच्या चाचींशी हिंदीत बोलायची आणि चाची तिला मराठीत उत्तर द्यायच्या. दोघींनाही त्यात काही विशेष वाटत नसे. उन्हाळ्यात शेवया करायचं मशीन गल्लीत एकाच घरी होतं. ते खाटेच्या पाटीला आवळून बांधायचं, एकीने गोळा दाबायचा, दुसरीने दांडा फिरवायचा, तिसरीने खाली येणाऱ्या तारा अलगद उचलून दोरीवर टाकायच्या. त्याच दोरीवर आमच्या अखजीच्या शेवया वाळायच्या आणि चाचींच्या ईदच्याही. कुणाच्या कुठल्या, हे दोरीला बांधलेल्या चिंधीवरून ओळखायचं.

परदेशात आल्यावर या गावाची मधोमध फाळणी झाली. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, ते आपोआप झालं. मी मराठी, म्हणून मराठी मंडळात गेले. चाचींच्या घरातलं कुणी इथे आलं असतं तर ते मशिदीच्या इफ्तारीला गेलं असतं, हैदराबाद-लखनौच्या उर्दू बोलणाऱ्यांत मिसळलं असतं. दोघांच्या शनिवारांची एकमेकांशी गाठ पडण्याचं कारणच उरलं नसतं.

माणसं थोडी होती तेव्हा असं नव्हतं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या खटल्याच्या कामासाठी १९०८ साली लंडनला गेले आणि १९१० पर्यंत तिथे राहिले. बिपिनचंद्र पाल, सावरकर आणि हे वऱ्हाडी वकील, सगळे एकाच सभागृहात असत. बंगाली, मराठी, पंजाबी अशी वेगळी चूल मांडण्याइतकी माणसंच तिथे नव्हती. १९३२ साली लंडनला महाराष्ट्र मंडळ निघालं, न. चिं. केळकरांच्या प्रेरणेने. अमेरिकेत १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर भारतीयांची आवक वाढली. आधी गावोगावी भारतीयांची एकच संघटना असे, दिवाळी सगळ्यांची मिळून होई. मग भाषेभाषेची मंडळं झाली. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, आणि अशा मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. दर दोन वर्षांनी त्याचं अधिवेशन भरतं, २०२४ साली ते सॅन होजेला झालं. हजारो माणसं, नाटकं, गाण्याच्या मैफली. मराठी नाटकाला इथे तिकीट काढून प्रेक्षक मिळतो ही लहान गोष्ट नाही, आणि ती या वेगळ्या चुलींमुळेच शक्य झाली. संख्या वाढली की माणूस आपल्या जास्त जवळच्याला शोधतो. फक्त, जवळचा कोण, हे भाषेने ठरवलं की अचलपूरसारखं गाव अर्धंच हाती लागतं.

दुसरा अर्धा भाग मला औषधाच्या दुकानात भेटला. काउंटरमागचा फार्मासिस्ट गोळ्या मोजता मोजता कानात इअरफोन लावून हळू आवाजात बोलत होता: “अम्मी, दवाई काऊन नहीं ली?” ‘काऊन’ हा आमच्याकडचा शब्द ऐकून मी विचारलं, “अचलपूर का?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सरमसपुरा. आणि तुम्ही ताई?” पुढचं सगळं आम्ही मराठीतच बोललो. शिकायला तो अमरावतीला होता, वऱ्हाडातली पुष्कळ फार्मसीची मुलं येतात तसा पुढच्या शिक्षणासाठी इकडे आला. त्याच्या नि माझ्या घरांमध्ये गाडीने वीस मिनिटांचं अंतर होतं, आणि इतक्या वर्षांत आमची भेट होईल असा एकही कार्यक्रम दोघांच्या वाट्याला आला नव्हता.

त्या वर्षी पौषात आम्ही दोन्ही घरांनी मिळून रोडगे केले. पौषात बहिरमची यात्रा असते, शेजारच्या परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बहिरमबुवाला लोणी-शेंदूर लावायचा, रोडग्यांचा नैवेद्य दाखवायचा. खाली मैदानात मटणाच्या हंड्या चढलेल्या असायच्या. दुकानं लावणाऱ्यांत आणि हंडीभोवती बसणाऱ्यांत दोन्हीकडची माणसं असायची. रोडग्याला जाडसर दळलेली कणीक लागते. ती इथे गुजराती दुकानात भाखरीचं पीठ म्हणून मिळते. मीठ, ओवा, तेलाचं सढळ मोहन घालून घट्ट भिजवायची. लहान लहान पाऱ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून चार-पाच एकावर एक ठेवायच्या आणि वरून एका मोठ्या पारीत बांधून गोळा करायचा. तिकडे तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात जातो. इथे अंगणात उघडा जाळ करायची परवानगी नाही, म्हणून झाकणाचं कोळशाचं ग्रिल. कोळसे राखेने पांढरे होईपर्यंत थांबायचं, मग गोळे मांडून झाकायचं. भाभींना, म्हणजे फार्मासिस्टच्या बायकोला, ते माझ्याहून चांगलं जमतं. बोटाने ठोकून आतला आवाज ऐकतात आणि सांगतात, अजून दहा मिनिटं. भाजलेला रोडगा कापडात धरून मुठीने फोडला की आतले पदर सुटे होतात. त्यात तूप ओतायचं, बाजूला फोडणीचं वरण आणि वांग्याची भाजी. डेकवर सगळे कोट घालून उभ्याने जेवलो.

मग हे दरवर्षीचं झालं. परतवाड्याचं एक जैन कुटुंब यायला लागलं, मुक्तागिरीच्या यात्रेला लहानपणी पायी गेलेलं. त्यांच्यासाठी कांदा-लसणाशिवायचं वरण आधी काढून ठेवतो, आणि मटणाची हंडी गॅरेजच्या बाजूला वेगळ्या शेगडीवर चढते.

गाव सोडलेल्या माणसाच्या आठवणीत गाव फार गोड होतं, हे मला ठाऊक आहे, आणि अचलपूरच्या बाबतीत तसं लिहिणं खोटं ठरेल. १७ एप्रिल २०२२ च्या रात्री गावातल्या दुल्हा दरवाज्यावर झेंडा लावण्यावरून वाद झाला, दगडफेक झाली, संचारबंदी लागली. रमजान चालू होता आणि त्या शनिवारी आम्हाला भाभींकडे इफ्तारीचं बोलावणं होतं. जावं की न जावं, असं घरात कुणीच म्हटलं नाही, पण गाडीत सगळे गप्प होतो. माझ्या फोनवर गावाच्या ग्रुपमधून एक हकीकत येत होती, त्यांच्या फोनवर दुसरीच. खजूर खाऊन झाल्यावर आम्ही दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवले. मग त्यांनी सरमसपुऱ्यात भावाला फोन लावला, मी बिलनपुऱ्यात बाबांना. कुठली गल्ली बंद, दूध कुठपर्यंत पोचतंय, कुणाला खरंच लागलं आणि कुणाबद्दल नुसतीच अफवा, हे एकेक करून जुळवलं. बाबा शेवटी म्हणाले, “त्यायले सांग माय, त्यायच्या घराकडे सारं ठीक आहे, मी सकाळीच पाह्यलं.” ते मी तसंच सांगितलं. गावाची खरी बातमी त्या रात्री आम्हाला एकमेकांकडूनच मिळाली. दोघांपैकी कुणीही आपापल्या मंडळात बसला असता, तर अर्धीच मिळाली असती, आणि अर्धी बातमी संतापाला पुरते.

मुलं आपसात इंग्रजी बोलतात. त्यांना अचलपूर म्हणजे दोन उन्हाळी सुट्ट्या आणि व्हिडिओ कॉलवरचे आजी-आजोबा. आम्ही गेल्यावर ती रोडगे करतील की नाही, याची चिंता मी करत नाही. ती एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या घरच्या सणांच्या तारखा त्यांना पाठ आहेत, एवढं आत्ता आहे.

मंडळात मी जाते आणि जात राहीन. पण आमच्या समितीपुढे मी या वर्षी एक सूचना मांडली आहे. १ मेचा कार्यक्रम हा महाराष्ट्राचा आहे, तर त्याचं निमंत्रण महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येकाला जावं: अचलपूर-मालेगावच्या उर्दूवाल्यांना, अकोल्याच्या मारवाड्यांना, नागपूरच्या हिंदी बोलणाऱ्यांना. निमंत्रणपत्रिका मराठीबरोबर उर्दूत आणि हिंदीतही छापावी. उर्दूचा मजकूर लिहून द्यायला भाभी तयार आहेत. बैठकीत काहींनी विचारलं, मग मंडळाचं वेगळेपण काय राहील? प्रश्न मनापासूनचा होता आणि त्यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं आहे. भाभींना मी त्या बैठकीला सोबत नेणार आहे.