चूकभूल द्यावी घ्यावी

जुन्या मराठी दुकानदाराच्या बिलाच्या तळाशीं 'चू. भू. द्या. घ्या.' हीं चार अक्षरें असत. चूकभूल द्यावी घ्यावी, असा त्यांचा अर्थ. इंग्रजी बिलावरहि 'ई. अँड ओ. ई.' अशीं अक्षरें आढळतात. परंतु 'चुका व गाळलेल्या बाबी वगळून' एवढाच त्यांचा आशय. लिहिणाऱ्यानें तो हक्क स्वतःपुरता राखून ठेविलेला असतो. मराठी अक्षरांत मात्र देणें आणि घेणें दोन्ही आहे. हिशेब करणारा माणूस चुकेल, आणि चुकला तर त्याला गांठण्याची वाट मोकळी आहे, असें तें अभिवचन होतें. या अक्षरांची आठवण आम्हांस मध्यंतरीं नव्या मुंबईंत, नेरूळजवळच्या एका मोटार धुण्याच्या केंद्रांत झाली.

या केंद्रांत मोटार आपली आपणच धुवावयाची असते. यंत्रावरील क्यूआर कोड मोबाईलनें स्कॅन करावा, यूपीआयनें शंभर रुपये भरावे, कीं ठराविक मिनिटें पाण्याचा जोरदार फवारा आपल्या हातीं येतो. आम्हीं पैसे भरले. ते खात्यांतून वजा झाल्याचा संदेशहि आला. यंत्र मात्र ढिम्म. पुन्हां भरले, तेव्हां पाणी आलें. मोटार एकदां धुतली गेली, दाम दोनदां पडले.

फलकावरील क्रमांक फिरविला, तों 'एक दाबा, दोन दाबा' असा ध्वनिमुद्रित आवाज सुरू झाला. त्याच्या कोणत्याहि पर्यायांत आमची अडचण बसेना. अखेर तेथें देखरेखीस असलेल्या विशीतल्या मुलास आम्हीं गांठलें. "सर, माझ्या हातांत कांहीं नाहीं. पैसे सरळ कंपनीला जातात," तो म्हणाला. तीस वर्षें वर्गांत वापरलेला आवाज आम्हीं त्याच्यावर चढविला. तेव्हां त्यानें खिशांतून शंभराची नोट काढून पुढें केली. "हे घ्या सर, पण तक्रारींत माझं नांव घालूं नका." आमचा हात अर्ध्यापर्यंत गेला होता, हें कबूल केलें पाहिजे. मग तो मागें आला.

शंभर रुपये परत मागणें हा क्षुद्रपणा आहे काय? आमच्या कांहीं स्नेह्यांस तसें वाटतें. सोडून देण्यांत मनाचा मोठेपणा आहे, असें ते म्हणतात. परंतु सोडून दिलेले हे पैसे कोणा गरजूच्या घरीं जात नाहींत; ज्याच्या यंत्रानें ते चुकून घेतले, त्याच्याच तिजोरींत राहतात. शिवाय यंत्र तसेंच राहतें, आणि ज्याला शंभर रुपये सोडणें परवडत नाहीं अशा पुढच्या टॅक्सीवाल्यास तीच चूक भोगावी लागते. हें औदार्य दुसऱ्याच्या खर्चानें केलेलें असतें. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था १९७५ सालीं उभी राहिली, ती एकट्यादुकट्याचें गाऱ्हाणें हें सर्वांचें गाऱ्हाणें असतें म्हणूनच.

कायदाहि मागणाऱ्याच्या बाजूस आहे. यूपीआयनें दुकानदारास भरलेले पैसे खात्यांतून गेले, पण त्याच्याकडे तशी खूण पोंचली नाहीं, तर ते पांच दिवसांत आपोआप परत यावे, आणि त्यापुढें दर दिवसास शंभर रुपये भरपाई मिळावी, असें रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१९ मध्यें ठरविलें. पैसे पोंचूनहि यंत्र न चाललें, तर ती सेवेंतील उणीव होय. तिच्यासाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस जिल्हा ग्राहक आयोगापुढें शुल्कहि पडत नाहीं.

तेव्हां आमचें मागणें योग्य होतें. चुकलें तें दार. वाण्याच्या दुकानांत चूक करणारा, ऐकून घेणारा आणि ती निस्तरणारा हा एकच माणूस असे. यंत्रानें या तिघांची फारकत केली. चूक यंत्र करतें, पैसे दूरचा मालक घेतो, आणि ऐकून घेण्यास मात्र सर्वांत कमी पगाराचा मुलगा उभा असतो. ज्याच्या हातीं चूक सुधारण्याची सत्ता आहे, त्याच्यापाशीं बोलणें ही मागणी. ज्याच्या हातीं ती नाहीं, त्याच्यावर ओरडणें हा जुलूम. आणि हा जुलूम मालकाच्या पथ्यावरच पडतो. कारण आमचा राग त्या मुलावर संपला, कीं मालकापर्यंत कांहींच पोंचत नाहीं.

घरीं येऊन आम्हीं व्यवहाराचा क्रमांक व वेळ घालून कंपनीकडे लेखी तक्रार केली. मुलाचा उल्लेख केला नाहीं. आठवड्यानें पैसे परत आले आणि तो हिशेब मिटला. दुसरा राहिला होता. त्याच रविवारीं केंद्रावर जाऊन त्या मुलास आम्हीं म्हटलें, "त्या दिवशीं आमचें चुकलें." तो ओशाळून "राहूं द्या सर" म्हणाला आणि पुढच्या मोटारीकडे वळला. आपली चूक सुधारण्यास कंपनीनें आठवडा लाविला, म्हणून आम्ही चरफडत होतों. आम्हांसहि तेवढाच वेळ लागला होता.