संदर्भ क्रमांक 14

थिसिस टेबलावर ठेव आणि बसू नकोस. एकच प्रश्न आहे. संदर्भ क्रमांक 14 तू वाचलायस का? मान हलवू नकोस, तोंडाने सांग.

राहू दे, मला कळलंय. लेखकांची नावं तू 'पोर्टर आणि जॅक' अशी लिहिलीस. तो माणूस जिक आहे, हर्शेल जिक. तुझ्या सिनियरच्या थिसिसमध्येही 'जॅक'च होता आणि तो मीच लाल शाईने खोडला होता. म्हणजे कॉपीसुद्धा तू कच्च्या प्रतीवरून केलीस.

आता ऐक. ज्याला तू 'मोठा अभ्यास' म्हणतोस, ते पाच वाक्यांचं पत्र आहे. जानेवारी 1980, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. बोस्टनच्या दोघांनी दाखल रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. 11,882 जणांना नार्कोटिक औषध मिळालं होतं. आधी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांना व्यसन लागल्याची बऱ्यापैकी नोंद सापडली. डोस किती, दिवस किती, घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, याचा त्यात पत्ता नाही. एवढ्या भांडवलावर अमेरिकेत 'व्यसन एक टक्क्याहूनही कमी' असं छातीठोकपणे सांगितलं गेलं आणि जुनाट दुखण्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या लिहिल्या गेल्या. 2017 साली कॅनडातल्या संशोधकांनी मोजदाद केली. 608 लेखांनी त्या पत्राचा हवाला दिला होता, त्यातल्या 439 जणांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून. पत्रातले रुग्ण रुग्णालयात दाखल होते, एवढं सांगायची तसदी 491 जणांनी घेतली नाही. त्या 439 जणांच्या रांगेत तू चारशे चाळिसावा.

पान उलट. 'व्यसनाचा पूर्वेतिहास असलेले रुग्ण वगळले.' वगळलेस ना? मग निष्कर्षात 'व्यसनाचा धोका आढळला नाही' हे कुठल्या तोंडाने लिहितोस? ज्या दारावर चोर येऊ शकतो ते बंद करून चोरी झाली नाही म्हणायचं! आणि व्यसनमुक्तीसाठी ब्युप्रेनॉर्फिनवर असलेली बाई उद्या ऑपरेशनला आली तर तिला टाके दुखणार नाहीत? ते औषध तिचा उपचार आहे, तिचा गुन्हा नव्हे. ते चालू ठेवून वर वेदनाशमन कसं द्यायचं, हाच खरा प्रश्न होता. तो अवघड होता म्हणून तू वगळलास.

प्रकरण दोन. ज्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर तुझा थिसिस आहे ते वर्टहाइम, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गर्भाशय काढणं. 'वर्टहाइम दुर्बिणीतून केलं काय, पोट उघडून केलं काय, निकाल सारखाच.' संदर्भ 2012 चा. 2018 साली काय झालं ते कुणी वाचायचं, मी? एलएसीसी ट्रायल. 33 केंद्रं, गर्भाशयमुखाचा सुरुवातीचा कर्करोग असलेल्या 631 बायका, रँडमाइज केलेल्या. साडेचार वर्षांनी रोगमुक्त किती? पोट उघडलं त्यांच्यात 96.5 टक्के, दुर्बिणीच्या गटात 86. तोवर सगळ्यांची समजूत एकच, टाके लहान म्हणजे सगळं छान. आधीचे अभ्यास जुनी केसपेपरं चाळून केलेले होते. कुणाला दुर्बीण लावायची ते सर्जनने आपल्या मर्जीने ठरवलेलं, मग तुलना सरळ कशी होईल? हे तुला दुसऱ्या वर्षाला शिकवलंय.

पण तुला उभं केलंय ते यासाठी नाही. सकाळी मी राउंडला गेले होते. नऊ नंबरच्या आजी. रोग ओटीपोटात पसरलाय, ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय. रात्रभर त्या बेडचा गज धरून बसल्या होत्या. केसपेपरवर तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'मॉर्फीन एसओएस.' म्हणजे गरज पडली तरच. सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'डॉक्टर म्हणाले, सवय लागेल, जमेल तेवढं टाळा.'

शाबास! थिसिसमध्ये व्यसन लागतच नाही आणि वॉर्डात आजींना सवय लागेल. या दोन्हींतलं तुझं काय आहे? काहीच नाही. एक सिनियरचं उचललं, दुसरं कॉरिडॉरमध्ये ऐकलं. कर्करोगाच्या दुखण्याला मॉर्फीन घड्याळ बघून द्यायचं असतं, माणूस विव्हळायला लागला की नव्हे. साधी गोळी दर चार तासांनी, मध्येच दुखलं तर वरचा डोस वेगळा, सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं, हे तुला माहीत नसेल तर या विषयावर थिसिस कशाला घेतलास? 2014 साली अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा बदलला तो अशा माणसांपर्यंत गोळी पोचावी म्हणून. कायद्याने दार उघडलं आणि तू 'एसओएस' लिहून पुन्हा लावलंस.

थिसिस परत ने. सगळे संदर्भ मूळ प्रतीतून वाचायचे. ज्याची मूळ प्रत मिळणार नाही, तो काढून टाकायचा. गुरुवारी मी कुठल्याही नंबरवर बोट ठेवेन आणि तू सांगायचंस.

लायब्ररीकडे कुठे निघालास? आधी वॉर्डात जा, नऊ नंबरची ऑर्डर बदल. पत्र पाच वाक्यांचं आहे, ते रात्री वाचून होईल.