त्यागलेले घर आणि नसलेले घर

भारतीय धर्मपरंपरांनी घर सोडणाऱ्याला मोठा मान दिला आहे. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना 'अनिकेत', म्हणजे ज्याचे स्वतःचे असे निवासस्थान नाही, हेही एक लक्षण सांगितले आहे, आणि बौद्ध भिक्खू व जैन मुनी यांच्या व्रतजीवनाचा आरंभच गृहत्यागाने होतो. याच भूमीत २०११ च्या जनगणनेने सुमारे १७.७ लाख बेघर माणसे मोजली. रस्त्याकडेला, पदपथावर, उड्डाणपुलाखाली, मोठ्या सिमेंटच्या नळांत, रेल्वेच्या फलाटावर किंवा देवळाच्या मंडपात उघड्यावर राहणाऱ्यांना या गणनेने बेघर मानले होते. घर नसणे दोन्हीकडे सारखेच असताना एकाच्या पायांवर लोक डोके ठेवतात आणि दुसऱ्याला मध्यरात्री उठवून पुढे हाकलतात, याची संगती धर्मविचाराने कशी लावायची, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

दुसऱ्याच्या वाट्याला आलेली स्थिती हे त्याचे प्रारब्ध, म्हणजे पूर्वकर्माचे या जन्मी भोगायचे फळ, असे उत्तर सर्रास दिले जाते. ते अपुरे तर आहेच, शिवाय कर्मसिद्धान्तावर अन्याय करणारेही आहे. कारण तो सिद्धान्त प्रत्येकाला स्वतःच्या कृतीचा हिशेब मागतो, शेजाऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्याचा अधिकार कोणालाही देत नाही, आणि समोरच्याचे हाल पाहून स्वस्थ बसणे हे पाहणाऱ्याचे क्रियमाण, म्हणजे आत्ता घडत असलेले कर्म ठरते. त्याग करायचा तर त्यागण्याजोगे काही आधी जवळ असावे लागते. दुष्काळ, कर्ज, घरातील मारहाण, मनोविकार किंवा पाडकाम यांमुळे ज्याचे घर हिरावले गेले, त्याने काहीही त्यागलेले नसते.

शिवाय ज्यांनी स्वेच्छेने घर सोडले, त्यांनाही परंपरेने पावसात उघडे ठेवलेले नाही. जैन साधूंचा चातुर्मास आणि बौद्धांचा तीन महिन्यांचा वर्षावास यांमागे पिके व सूक्ष्म जीव पायदळी तुडवले जाऊ नयेत हा अहिंसेचा हेतू होता, हे खरे. परंतु विनयपिटक, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांचा संग्रह, याहून पुढे जाऊन उघड्यावर, झाडाच्या ढोलीत, छत्रीखाली किंवा मोठ्या रांजणात वर्षावास करण्यास मनाई करतो. सर्वस्व सोडलेल्या माणसालाही पावसाळ्यात खरे छप्पर हवे, याबद्दल त्या नियमकारांच्या मनात शंका नव्हती. आधुनिक न्यायव्यवस्थाही एकदा याच ऋतुमर्यादेपाशी येऊन थांबली. ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला, मुंबईतील पदपथावर वस्ती करण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. तरीही त्या झोपड्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा उलटून जाईपर्यंत, हटवू नयेत असा आदेश दिला. ही सवलत मानवी होती, पण पर्यायी जागा दिल्यावरच त्या माणसांना हटवावे, अशी अट न्यायालयाने घातली नाही.

घर गेल्याने माणूस केवळ आडोशाला मुकत नाही. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत, म्हणजे रोजच्या पाच कर्तव्यांत, नृयज्ञ येतो आणि त्याचा अर्थ अतिथीचे स्वागत असा आहे. ज्याला दारच नाही, त्याला कोणाचेही स्वागत करता येत नाही, आणि त्यामुळे आयुष्यभर घेणाऱ्याच्याच जागी उभे राहणे त्याच्या नशिबी येते. ही हानी थंडीपावसाइतकीच गंभीर आहे. म्हणून घोंगडी आणि अन्नाची पाकिटे वाटणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने कर्तव्य संपत नाही; सामान सुरक्षित ठेवण्याची जागा, कागदपत्रांवर लिहिता येईल असा पत्ता, उपचार, आणि अखेरीस स्वतःच्या हातातील कुलूपकिल्ली या गोष्टीच माणसाला पुन्हा देणारा होऊ देतात.

हे मर्म महाराष्ट्रात गाडगे महाराजांइतके क्वचितच कोणी ओळखले असेल. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले ते कायमचे, आणि स्वतः अनिकेत राहूनही पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे इतरांसाठी धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी उतरू देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. त्यांच्या दहा कलमी संदेशात भुकेल्यांना अन्न देण्याबरोबरच बेघरांना आसरा देणे हेही स्वतंत्र कलम आहे. त्यागाचा खरा कस येथे लागतो, असे म्हणावे लागेल.

शहरातील दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडे असणारे एक निवारागृह असावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनंतर सरकारी धोरणाने मान्य केले आहे, आणि ते पूर्ण करणे ही शासनाची जबाबदारी आहे. पण धर्माच्या नावाने उभ्या असलेल्या संस्थांनी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. भक्तनिवासांत खोली मिळवण्यासाठी आज ओळखपत्र लागते आणि बेघराजवळ नेमके तेच नसते. तेव्हा देवस्थानांच्या विश्वस्तांनी निदान आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत आपल्या काही खोल्या ओळखपत्राची अट न घालता अशा माणसांसाठी राखून ठेवाव्यात, आणि देणगी देणाऱ्या भाविकांनी त्यांच्याकडे तशी मागणी करावी.